देवघरातली सीडी

मिठाच्या पोत्यांची गोष्ट सकाळपासून तीनदा सांगून झाली होती आणि तिन्ही वेळा ती वेगळी निघाली.

श्रीशैल म्हणाला, गाडीत मीठ नव्हतंच, गूळ होता. रुचिका म्हणाली, मीठच होतं, पण गाडी अडकली ती गोदावरीत. बसवेश्वरला नदी सिंदफणा होती एवढं पक्कं आठवत होतं, पुढचं त्याने सरळ गाळूनच टाकलं. तीन लेकरं, तीन तऱ्हा. हकीकत उतरवून घ्यायला आणलेली दोनशे पानी वही कोरी ती कोरीच. आणि ज्यांच्या बापाची ती गाडी, ते सोमलिंगअप्पा वेताच्या खुर्चीत बसून तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होते. मागच्या वर्षीच्या ऑगस्टात त्यांच्या अंगावरून वारं गेलं, ते उजवी बाजू आणि वाचा दोन्ही घेऊन गेलं. कान शाबूत होते, डोकं शाबूत होतं. लेकीने गोदावरीचं नाव काढलं तेव्हा त्यांनी डावा हात खुर्चीवर असा आपटला की शेजारचा तांब्या कलंडला.

“अप्पाला पटंना झालंय,” बंकट म्हणाला. बंकट उमापूरचा धनगर, अप्पांचा लहानपणापासूनचा दोस्त. उद्याच्या कार्यक्रमासाठी तो आदल्या दिवशीच पाटोद्याला येऊन बसला होता. “तुमी लेकरं लई शिकलात, पर बापाची एक गोष्ट धड सांगता येईना तुमाला.”

“तुमीच सांगा मंग, बंकटमामा,” रुचिका फणकाऱ्याने म्हणाली. लातूरला दिलेली ही धाकटी लेक बापावर गेली होती, जिभेने तरी.

“मी सा वर्साचा व्हतो गं. आईनं सांगितल्यालं अर्दंमुर्दं याद हाय. ते खरं सांगावं सोमलिंगानंच.”

सोमलिंगाने ते सांगितलं होतं, हीच तर खरी बोच होती. नव्व्याण्णवच्या श्रावणापासून पुढची दोन वर्षं, दर सोमवारी दुपारी, अप्पा पुढच्या खोलीत संगणकाजवळ बसत. थोरली सून टाइप करी आणि ते सांगत. सातासमुद्रापार गेलेल्या बसवेश्वरला आपलं घर कुठून आलं ते कळावं म्हणून घराण्याची सगळी हकीकत ईमेलने जात होती. मग बसवेश्वरची अमेरिकेतली कंपनीच बुडाली. पत्रं ऑफिसच्या पत्त्यावर मागवलेली, ती कंपनीबरोबर गेली आणि तो बंगळूरला परत आला. आणि त्याच सुमारास, सून बाळंतपणाला शिरूर कासारला गेलेली असताना, पाटोद्याच्या संगणकात व्हायरस शिरला. बीडच्या मेकॅनिकने मशीन पुसून कोरं केलं. राहिली एक सीडी, आणि तीही उघडत नव्हती असं श्रीशैलने सगळ्यांना सांगितलं होतं.

उद्या सोमवारी अप्पांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. मठात चार गावची माणसं जमणार, आणि तिथे अप्पांच्या तोंडची हकीकत वाचून दाखवायची, असं बसवेश्वरने, तिघांच्या आठवणीतून जुळवू या भरवशावर, तीन महिन्यांपूर्वीच सगळ्यांना पत्राने कळवून टाकलं होतं. आता तोंडघशी पडायची वेळ आली होती.

“माझं ऐका,” श्रीशैल म्हणाला, “आपले शाळेतले गुरुजी हायत. त्यांना मुद्दे देऊ. झकास भाषेत लिवून देतील दोन तासांत.”

“गुरुजींचे अप्पा कशाला हवेत मला?” बसवेश्वर म्हणाला. “सीडी बघू एकदा. ती कुठं हाय?”

सगळ्यांनी देवघराकडे पाहिलं.

---

नीलम्मा देवघराच्या दारात उभ्या राहिल्या. सीडी आत, बसवण्णांच्या तसबिरीला टेकवून ठेवलेली होती. तिच्यावर विभूतीचे तीन पट्टे होते आणि दर सोमवारी ताजे ओढले जात. वर्षभरात एकही सोमवार चुकला नव्हता.

लोक हसत, ते नीलम्मांना ठाऊक होतं. हसोत बापडे. पंचावन्न वर्षांच्या संसारात नवरा दुकानातून यायचा, जेवायचा, ‘मीठ कमी हाय’ एवढं बोलायचा आणि झोपायचा. आणि म्हातारपणी त्या पुढच्या खोलीत बसून सुनेला दोन दोन तास सांगत सुटायचा. दाराआडून नीलम्मांना हसण्याचे आवाज यायचे. काय सांगत होते इतकं? विचारायला मान आडवा येत होता. मग वाचा गेली, आणि त्या विचारण्यात काही अर्थच उरला नाही. त्यांच्या वाट्याला नवऱ्याचं बोलणं आलं ते असं, गोल, चकचकीत आणि मुकं. तेही सुनेच्या मशीनने खाल्ल्यावर उरलेलं.

“अव्वा, दे,” बसवेश्वर म्हणाला.

“तुला देते. पर ती हात लावणार न्हाई.”

‘ती’ स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी कडेवर पोर घेऊन उभी होती. श्रीशैलची बायको. माहेरची वर्षाराणी. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नाव लिहून तिची महादेवी केली, ते नाव नीलम्मांनीच निवडलं होतं. गेली अकरा वर्षं या घरात ती महादेवी होती. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर शिकायला येणाऱ्या पोरी तेवढ्या तिला वर्षाराणी मॅडम म्हणत.

“अव्वा, मी एकदा तरी बघितली का हो ती सीडी?” ती शांतपणे म्हणाली. “वर्षभर मागायलेय.”

“एकदा खाल्लंस ते बास झालं.”

“वहिनीच्या क्लासातल्या पोरीच्या फ्लॉपीतूनच आला व्हता म्हणं व्हायरस,” रुचिकाने आईची री ओढली. “दादानंच सांगितलं मला.”

दादाने, म्हणजे श्रीशैलने, वहीचं पहिलं कोरं पान विनाकारण सरळ केलं.

शेवटी बंकट उठला. देवघराच्या उंबऱ्याबाहेर थांबून त्याने हात जोडले. “वैनी, मेंढरू देवाम्होरं बांदून ठिवलं तर लोकर कवा निघायची? द्या. आन् लवकर द्या, दोन वाजता लाइट जातीय.”

नीलम्मांनी सीडी पदरात धरून आणली आणि धाकट्या लेकाच्या हातात दिली. पुढच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी त्या अडखळल्या. वर्षभर त्यांनी तो ओलांडला नव्हता. मग अप्पांची खुर्ची आत नेताना तिला हात लावायच्या निमित्ताने त्याही आत आल्या.

---

बसवेश्वरने रुमालाने विभूती पुसायला घेतली.

“भावजी, गोल गोल नका फिरवू. मधून भाईरच्या अंगाला पुसा.”

“माहिती हाय, वहिनी,” तो म्हणाला, आणि गोल गोल पुसायचा थांबला.

सीडी आत गेली. मशीन घुरघुरलं. पडद्यावर सहा-सात फायली दिसल्या, निळ्या ‘डब्ल्यू’ची टोपी घातलेल्या. बसवेश्वरने एकीवर दोनदा टिचकी मारली. वर्ड उघडला, बराच वेळ घड्याळ दाखवत बसला आणि मग पानभर चौकोन, उलटीसुलटी चिन्हं, मधेच एखादा तुटका शब्द. दुसरी फाइल, तेच. तिसरी, तेच.

“करप्ट हाय,” तो खुर्ची मागे सारत म्हणाला. “गेलं.”

“नक्की?” रुचिका.

“मी आठ वर्षं बँकांच्या मोठ्या मशीनवर काम करायलोय, रुचे. फाइल गेली की कळतं.”

बँकांच्या मोठ्या मशीनवर काम करणाऱ्या माणसाला घरातल्या छोट्या मशीनची फार ओळख असतेच असं नाही, पण हे पाटोद्यात कोण बोलणार? अमेरिकेहून आलेला इंजिनिअर गेलं म्हणाला म्हणजे गेलं. नीलम्मा भिंतीला टेकल्या. श्रीशैलने सुस्कारा सोडला, आणि तो दुःखाचा होता की सुटकेचा हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. अप्पांनी डोळे मिटून घेतले.

वर्षाराणी मात्र पडद्याकडे बघत होती. चौकोनांकडे तिचं लक्षच नव्हतं. ती नावं वाचत होती. इनबॉक्स. आउटबॉक्स. सेंट आयटम्स. ड्राफ्ट्स. फोल्डर्स.

ही नावं कुणा माणसाने दिलेली नव्हती. टपालाचा प्रोग्राम आपल्या कप्प्यांना देतो ती ही नावं. वर्डमध्ये कागद लिहून त्याला ‘आउटबॉक्स’ असं नाव कोण ठेवील? तिने कडेवरचं पोर रुचिकाकडे दिलं.

“भावजी, जरा उठा.”

“अगं, मी सांगितलं न्हाई का, ती...” नीलम्मांनी तोंड उघडलं.

“अव्वा, सीडी न्हाई घेत हातात. मी सगळ्याची नक्कल मशीनवर काढून घेते आन् फकस्त त्या नकलेला हात लावते. तुमची सीडी हाय तशी परत देवघरात जाईल. आता तरी बसू द्या.”

तिच्या आवाजात विनंती नव्हती. क्लासात पोरींना ‘बसा’ म्हणायची तसा तो आवाज होता, आणि गंमत म्हणजे बसवेश्वर उठला.

तिने नकला काढल्या. मग कुठल्याशा यादीत जाऊन एका चौकोनातली बरोबरची खूण काढली. त्याबरोबर प्रत्येक नावाला शेपटी फुटली. सेंट आयटम्स डॉट डॉक. ड्राफ्ट्स डॉट डॉक.

“हे बघा. नावाच्या शेवटी टिंब आन् तीन अक्षरं असत्यात. एरवी मशीन ती लपवून ठेवतं. त्या अक्षरांवरनं मशीनला कळतं फाइल कुणाकडं न्यायची. डॉक असलं की वर्डकडं. पर ह्या टपालाच्या फायली हायत, यांना डीबीएक्स पायजे. कुणीतरी यांची नावं बदललीत. व्हायरस असं बसून नावं बदलत न्हाई.” ती वळली. “माझ्या माघारी हे कुणी केलं?”

---

श्रीशैलच्या किराणा दुकानात दोनशे डबे होते. मुंबईचा माल असो, बार्शीचा असो, पोतं फुटलं की माल त्याच्या डब्यात जायचा आणि डब्यावर त्याच्या हातची चिठ्ठी लागायची. नवी चिठ्ठी लावली की जुन्या पोत्यावर काय छापलं होतं याच्याशी कुणाला देणंघेणं नसे. बापाने त्याला हेच शिकवलं होतं. चिठ्ठी स्वच्छ हवी म्हणजे गिऱ्हाईक अडत नाही.

अप्पा तेव्हा बीडच्या दवाखान्यात होते. मेकॅनिक टपालाच्या फायली बाजूला काढून ‘ह्या जपा’ म्हणून चहाला गेला होता. श्रीशैलला वाटलं, बापाचा आवाज गेलाय, निदान शब्द तरी बघावेत. त्याने टिचकी मारली. मशीनने विचारलं, हे कशात उघडू? त्याला काय ठाऊक? बायकोने एकदा शिकवलेलं एवढंच आठवत होतं की कागद म्हणजे डॉक. मग त्याने दुकानदाराने करावं तेच केलं. एकेका फायलीची चिठ्ठी बदलली. उघडलं तर चौकोन. मेकॅनिक परत आला तेव्हा तो काहीच बोलला नाही. त्या तशाच फायली सीडीवर चढल्या आणि मशीन पुसलं गेलं.

नंतर मेकॅनिक व्हायरस म्हणाला, तो स्वतः रुचिकाजवळ फ्लॉपीचं बोलून गेला, आईने बायकोचं नाव घेतलं. आज सांगू, उद्या सांगू करता करता बायको पोर घेऊन परत आली ती थेट आरोपीच्या पिंजऱ्यात. चौदा महिने तो गप्प राहिला आणि ती आल्यापासून तिच्याच हातचं जेवला. या एका गोष्टीची त्याला जेवढी लाज वाटत होती तेवढी आयुष्यात कशाचीच वाटली नव्हती.

“मी केलं,” तो म्हणाला.

पोर रुचिकाच्या बांगड्या वाजवत होतं.

“मी नावं बदलली. मला वाटलं डॉक केलं की उघडंल. उघडलं न्हाई तवा मी भ्यालो. हिचा काही कसूर न्हाई, अव्वा. हिला मी बोलणी खाऊ दिली.”

“दादा!” रुचिका उसळली. मघापर्यंत आईच्या बाजूला बसलेली ती पोर सावरत उठली आणि वहिनीच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. “चौदा महिने? मी हिला काय काय बोलले ते तुझ्याम्होरं बोलले ना रे? आन् तू सुपारी कातरत बसलास? मर्द म्हणायचं का बे तुला!”

थोरल्या भावाला बहिणीने ‘बे’ म्हणणं या घरात पहिल्यांदाच घडत होतं. बंकटने खाली मान घालून हसू दाबलं.

वर्षाराणीने नवऱ्याकडे पाहिलं. राग आला होता, चांगलाच आला होता. पण त्या रागाच्याही पुढे तिचं डोकं धावत होतं.

“नुसती नावंच बदलली? आत काही लिवलं न्हाई? बंद करताना ‘सेव्ह’ तर म्हणलं न्हाई?”

“न्हाई. सरळ बंद केलं. देवाशपथ.”

“मंग तुमचं नंतर बघते,” ती म्हणाली, आणि की-बोर्डकडे वळली.

“पर नाव बदलल्यावर आतलं जात न्हाई व्हय?” नीलम्मांनी विचारलं.

“कसं जाईल, अव्वा? माझं तुमी तांदळावर बदललं तवा मी तीच होते की.”

ती हे ठरवून बोलली नव्हती. बोलून गेली. नीलम्मा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

एकेक करून डॉक गेलं, डीबीएक्स आलं. निळ्या टोप्या उतरल्या. मग तिने टपालाचा प्रोग्राम उघडला आणि त्याला सांगितलं, या जागेवरून जुनी पत्रं उचल. प्रोग्राम क्षणभर थबकला आणि इंग्रजीत म्हणाला, इथे एकही पत्र सापडत नाही.

“बघ, म्हणलं व्हतं,” बसवेश्वर हळूच म्हणाला. त्याच्या बोलण्यात जिंकल्याचा भाव नव्हता. त्यालाही आता हे उघडायला हवं होतं.

घड्याळात एक पस्तीस झाले होते. वर्षाराणीने पुन्हा करून पाहिलं. तेच उत्तर. तिने डोळे मिटले. पोरींना ती काय सांगायची? घाबरलात की मागच्या पायरीवर जा. फायली कुठून आल्या? सीडीवरून. सीडीवर लिहिता येत नाही...

“कुलूप!” ती एकदम म्हणाली. “सीडीवरनं आलेल्या फायलीला वाचायपुरतं कुलूप असतंय. टपालाच्या प्रोग्रामला ते चालत न्हाई, त्याला उघडी फाइल लागती.” तिने सगळ्या फायली एकत्र धरल्या, त्यांच्या माहितीचं पान उघडलं आणि तळाची एक छोटीशी खूण काढून टाकली. मग परत सांगितलं, उचल.

पडद्यावर एक हिरवी पट्टी सरकू लागली.

पट्टी संपली. डाव्या बाजूला कप्पे उभे राहिले आणि ‘सेंट आयटम्स’वर टिचकी मारताच उजवीकडे रांगच लागली. सोमवार, सोमवार, सोमवार. तळाशी आकडा होता. त्र्याण्णव.

“आल्या,” ती म्हणाली.

“त्र्याण्णवच्या त्र्याण्णव?” बसवेश्वर पडद्यावर वाकला. मग ताठ उभा राहिला आणि म्हणाला, “वहिनी, माझ्या ऑफिसात मोठमोठ्या डिग्रीवाल्यांना हे जमलं नसतं. मला न्हाई जमलं. हे मी उद्या मठात माइकवर सांगणार हाय.”

“आधी मीठ वाच,” बंकट म्हणाला. “मीठ काढ, पोरी.”

---

पत्रं इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत होती. तिने ती स्वतः टाइप केलेली, तरी वाचताना तिला अप्पांचा आवाजच ऐकू येत होता.

“बसवा, आज मिठाचं सांगतो. मी आठ वर्साचा. माझा बाप गाडीत चार पोती मीठ घालून उमापूरवरनं पाटोद्याला निघाला. इथं दुकान टाकायचं व्हतं. वाटंत सिंदफणा आडवी आली. पाणी गुडघाभर दिसलं, निघालं कमरंइतकं. गाडी कलली. पोती पाण्यात. भाईर काढली तवा नुसती गोणपाटं. मी रडाय लागलो. बाप म्हणला, रडतो कावून? मीठ कुठं गेलं न्हाई, पोत्यात मुरलंय. कडेला धनगराचा वाडा, मेंढरांचा तळ, पडला व्हता. कडूबाईनं आपली मोठी कढई दिली. बापानं पोती धुतली आन् ते पाणी तीन दिवस आटवलं. शेवटी अर्दी पायली मीठ हाती आलं, काळपट. ते त्यानं विकलं न्हाई. पाटोद्याला आला आन् घरोघरी चिमूट चिमूट वाटलं. म्हणला, मी नवा दुकानदार, माझं मीठ खाऊन बघा. बसवा, आपलं दुकान त्या चिमटीवर उभं हाय.”

“माझी आय ती,” बंकट म्हणाला. त्याने पागोट्याच्या शेवाने डोळे पुसले. “कडूबाई. तिची कढई. नाव घेतलंया बघ सोमलिंगानं. संगणकात घेतलंया.”

नीलम्मा भिंतीपासून कधी पुढे सरकल्या होत्या ते कुणाला कळलं नव्हतं. त्या नवऱ्याच्या खुर्चीशी जमिनीवर बसल्या होत्या. “मला कवाच सांगितलं न्हाई हे,” त्या अप्पांना म्हणाल्या. “रोज मीठ कमी हाय म्हणायचे तेवढं.” अप्पांचा डावा हात उचलला गेला आणि त्यांच्या डोक्यावर येऊन थांबला.

श्रीशैल दारापाशी उभा होता. आत यायचा त्याला धीर होत नव्हता. बापाच्या गोष्टीत त्याने मिठाचा गूळ केला होता आणि फायलींचं जे केलं ते तर केलंच होतं. पण छाती भरून आली होती ती लाजेपेक्षा वेगळ्या कशाने. ही समोर बसलेली बाई आपली बायको आहे, हे त्याला जगाला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

“हे काय?” वर्षाराणी मधेच थांबली.

‘ड्राफ्ट्स’ या कप्प्याच्या पुढे कंसात एक आकडा होता. एक. म्हणजे लिहून ठेवलेलं पण न पाठवलेलं एक पत्र. तिने तर सगळी पाठवली होती. तारीख पाहिली. अकरा ऑगस्ट. ती तेव्हा माहेरी होती. वारं गेलं ते चौदाला.

तिने ते उघडलं. सगळी मोठी अक्षरं, टिंब नाही, शब्दाशब्दांत जागा नाही. जोडून जोडून, चाचपडत तिने वाचलं.

“बसवा हे मी स्वता लिवायलोय एका बोटानं. दोन म्हैने शिकलो. तिनं एबीसीडी शिकीवली पर मी लिवतो ते तिला ठावं न्हाई. पोराला घिऊन आली की तिच्याम्होरं लिवून दाखवीन. तवर कुनाला सांगू नगो.”

वर्षाराणीने वळून अप्पांच्या डाव्या हाताकडे पाहिलं.

चौदा महिने या माणसाच्या हातात पाटी दिली होती, खडू दिला होता, पेन्सिल दिली होती. डाव्या हाताने नुसते कावळ्याचे पाय उमटत, मग ते पाटी फेकून देत. डॉक्टर म्हणाले, आता एवढंच. पण कळ दाबायला काही खडू धरावा लागत नाही. हे घरात कुणाला सुचणार? अप्पांना लिहिता येतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ज्या एका कागदावर ते होतं त्याच्यावर चुकीची चिठ्ठी लागून तो देवघरात बसला होता.

वर्षाराणी उठली. “टेबल,” ती म्हणाली.

श्रीशैल धावला. बसवेश्वरही धावला. दोघा भावांनी अप्पांना खुर्चीसकट उचलून टेबलाला लावलं. तिने कोरं पत्र उघडलं आणि की-बोर्ड सासऱ्याच्या डाव्या हाताखाली सरकवला. भिंतीवरचं घड्याळ दोनला आठ कमी दाखवत होतं.

अप्पांचं बोट कळांवरून हवेतच फिरलं. मग खाली आलं. एक अक्षर. बराच वेळ काही नाही, बोट शोधत फिरलं, आणि दुसरं. कुणी मदत करायला पुढे झालं की ते ‘अं!’ करून झिडकारत. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला. एक कळ चुकली तर त्यांनी स्वतःच ती खोडायची कळ शोधून काढली, तेव्हा वर्षाराणीने तोंडावर हात घेतला. ती खोडायची कळ तिनेच शिकवली होती.

अखेर बोट थांबलं. अप्पांनी मान वळवली आणि सुनेकडे पाहिलं, वर्गात पहिल्या आलेल्या पोराने गुरुजींकडे बघावं तसं.

“काय लिवलंय?” नीलम्मा अधीर झाल्या. “कुणीतरी सांगा की!”

वर्षाराणीला वाचवेना. तिचे डोळे गच्च भरले होते. म्हणून खुर्चीमागे उभ्या असलेल्या श्रीशैलने, चौदा महिने गप्प राहिलेल्या त्या माणसाने, अक्षर अक्षर लावून मोठ्याने वाचलं.

“बघितलंस का वर्षाराणी.”

रुचिका रडू लागली आणि हसूही लागली. बंकट ‘वा रे पठ्ठ्या’ म्हणून अप्पांच्या पाठीवर थाप मारायला गेला आणि वेळीच सावरला. नीलम्मांनी ते नाव ऐकलं. अकरा वर्षांपूर्वी आपणच तांदळाखाली दाबलेलं नाव, आणि नवरा आपल्या बोटाने ते वर काढून दाखवत होता. त्या हात टेकून उठल्या, सुनेजवळ आल्या आणि दर सोमवारी सीडीवर विभूती ओढायचा तोच अंगठा त्यांनी तिच्या कपाळावरून ओढला.

“वर्षाराणी,” त्या म्हणाल्या. जीभ त्या नावाला सरावलेली नव्हती, तरी त्यांनी ते पुरतं उच्चारलं. “लाइट जायच्या आत त्यांना इचार. आज आमटीत मीठ बरोबर व्हतं का?”